बायकोने बसवलेला फीचा तक्ता

कोर्टात नोकरी केली असं सांगितलं की लोक खुर्ची पुढे ओढतात आणि खुनाच्या खटल्यांबद्दल विचारतात. त्यांची निराशा करावी लागते. माझी बहुतेक नोकरी किनाऱ्यावरच्या एका तालुक्याच्या दिवाणी कोर्टात, दाखल शाखेच्या टेबलामागे गेली. दावा आत येताना त्याला पहिला अडवणारा माणूस मी. कोर्ट फी बरोबर भरली आहे का, एवढा एकच प्रश्न मी आयुष्यभर विचारला.

बाहेरच्याला वाटतं, फी म्हणजे काय, सिनेमाच्या तिकिटासारखी ठरलेली असणार. तसं नसतं. उसने पैसे परत मागायचे असतील तर मागितलेल्या रकमेवर फी. वाटप मागायचं असेल तर आपल्या हिश्श्याच्या किमतीवर. आता ही किंमत कशी धरायची? घर असेल तर बाजारभावाने, शेतसारा भरणारी जमीन असेल तर त्या साऱ्याच्या पटीत. आमच्याकडच्या नारळी-सुपारीच्या वाडीत घरही असतं, विहीरही असते आणि झाडंही असतात, म्हणजे एकाच दाव्यात दोन-तीन हिशेब आले. त्यात बायकांना मालमत्तेच्या, पोटगीच्या आणि अशा काही दाव्यांत फी माफ. ती माफी कुठे लागते आणि कुठे नाही, यावरून भले भले वकील माझ्या टेबलापाशी येऊन थांबत. "शिगवण, एवढं बघ रे," असं म्हणत. मी कागद चाळायचो, मनात गुणाकार करायचो आणि आकडा सांगायचो. तो आकडा ऐकताना समोरच्याच्या चेहऱ्यावर जो विश्वास दिसायचा, त्याची मला चटक होती. पगारापेक्षा जास्त.

माझी बायको शुभदासुद्धा कोर्टातच. आतल्या तालुक्याच्या कोर्टात लिपिक. रोज एसटीने जाऊन येऊन. मी परीक्षा देऊन सहायक अधीक्षक झालो, ती लिपिकच राहिली. कोर्टात नवीन संगणक आला तेव्हा तो कोणालाच नको होता, म्हणून तिच्या टेबलावर ठेवला गेला. त्यावर ती काय काय शिकत गेली ते मला कळलं नाही. खरं सांगायचं तर मी विचारलं नाही.

मग ई-फायलिंग आलं. वकिलाने घरबसल्या दावा भरायचा, कागद चढवायचे, फी ऑनलाइन भरायची. फी किती ते यंत्रणाच सांगणार. पण यंत्रणेला ते आधी कोणीतरी शिकवायला हवं. प्रत्येक प्रकारच्या दाव्यासाठी तक्त्यात एक ओळ बसवायची: या दाव्याला फी कशावर, वकिलाला काय काय विचारायचं, माफी कोणाला, कुठल्या वेळी पुढे जाऊ द्यायचं नाही. हे काम करायला जिल्ह्यातून माणसं निवडणार होते. ते पत्र येण्याआधीच मी बाररूममध्ये दोन-तीन वकिलांना सांगून ठेवलं होतं, की आता काही महिने माझी माणगावला ये-जा राहील, बैठका तिथे आहेत.

पत्र आलं त्या दिवशी आमचा शिपाई काशिनाथ छापलेला कागद घेऊन आला. टेबलावर ठेवला आणि गेला नाही, तिथेच उभा राहिला.

"काय रे?"

"साहेब, आडनाव तुमचंच हाय," तो म्हणाला. "पन नाव वैनींचं हाय."

मी कागद वाचला. मग पुन्हा वाचला. खाली, दुसऱ्या यादीत माझंही नाव होतं. तक्ता तयार झाल्यावर तो तपासणाऱ्यांत. म्हणजे बायकोने बसवायचं आणि नवऱ्याने तपासायचं. वरच्या अधिकाऱ्यांना आम्ही नवरा-बायको आहोत हे ठाऊक होतं की नाही, मला आजवर कळलेलं नाही.

घरी आलो तर ती नेहमीप्रमाणे सोडेखिचडीला फोडणी देत होती. मी अभिनंदन केलं. तिने गॅस बारीक करून माझ्याकडे पाहिलं. "तुमचं नाव असेल असं मला वाटलं होतं," ती म्हणाली.

"असू दे. तुझं झालं म्हणजे माझंच झालं."

इतकं खोटं वाक्य मी कोर्टात शपथेवर बोलणाऱ्यांच्या तोंडूनही ऐकलेलं नाही.

नवरा-बायकोतली असूया म्हटली की लोकांना एकच प्रकार सुचतो, संशयाचा. तसं काही असतं तर सोपं गेलं असतं, निदान त्याला नाव तरी आहे. माझं दुखणं निराळं होतं. जेवताना तिचा फोन वाजायचा आणि पलीकडे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचा वकील असायचा. "मॅडम, मृत्युपत्राच्या अर्जाला कुठली ओळ लावलीत?" ती तोंडातला घास संपवून शांतपणे सांगायची. तो प्रश्न मला यायला हवा होता. उत्तर मला येत होतं. मी ताटातली भाजी चिवडत मनातल्या मनात उत्तर देऊन बघायचो आणि तिचं उत्तर बरोबर निघालं की वाईट वाटायचं. कधी ती सांगताना जरा अडखळली तर भूक वाढायची. निवृत्तीला टेकलेल्या माणसाची ही अवस्था होती.

तक्त्याचा पहिला भाग तपासायला आला तेव्हा मी नोकरीत कधी केली नव्हती इतकी मेहनत केली. तपासणी म्हणजे खोटे दावे भरायचे. चाचणीसाठी यंत्रणेची वेगळी प्रत असते. तिथे काल्पनिक वादी, काल्पनिक प्रतिवादी, काल्पनिक वाडी टाकायची आणि यंत्रणा फी किती सांगते ते बघायचं. आपला आकडा आणि यंत्रणेचा आकडा जुळला तर बरोबर, नाही जुळला तर हरकत लिहायची. मी अवघडात अवघड दावे रचले. चुलत्याने पुतण्याची विहीर अडवलेली, घर एकाचं आणि छपराखालची जमीन दुसऱ्याची, भाडं मागतोय तो मालकच नाही. हरकतींवर हरकती काढल्या. काही खऱ्या होत्या. काही अशा होत्या की दुसऱ्या कोणी तक्ता केला असता तर मी काढल्या नसत्या.

एका संध्याकाळी ती अंगणात सुपाऱ्या पसरत होती. मला म्हणाली, "एक विचारू? ती विहीर सोडली तर तुम्ही भरलेले बाकी सगळे खोटे दावे नवऱ्याने बायकोवर लावलेले का असतात?"

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी म्हटलं, "सहज. नावं सुचत नाहीत."

"वादीला कधीतरी हरू द्या," ती म्हणाली आणि सुपाऱ्या पसरत राहिली.

माफीच्या ओळी तपासताना मात्र मला पाहिजे होतं ते सापडलं. असं समजा की तीन भावंडांनी मिळून वाटपाचा दावा लावला. दोन भाऊ, एक बहीण. बहिणीला फी माफ, भावांना नाही. आमच्याकडे पद्धत अशी, की बहिणीचा हिस्सा बाजूला काढायचा आणि भावांच्या हिश्श्यांवर फी घ्यायची. मी असा दावा भरला तर यंत्रणेने आकडाच दिला नाही. पडद्यावर लिहून आलं, 'छाननीसाठी थांबवले'. बस्स. पुन्हा भरला, पुन्हा तेच. याचा अर्थ मॅडमना हा हिशेब बसवता आलेला नव्हता.

मला झालेला आनंद मी लपवला नाही. घरी आल्या आल्या, चपला काढायच्या आधी म्हणालो, "तुझ्या तक्त्यात भोक आहे."

"कुठलं?"

मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "ते भोक नाही," ती म्हणाली. "मी तसं ठेवलंय."

"तसं म्हणजे?"

"अहो, माफीच्या चौकटीत साऱ्या दाव्याला मिळून एकच खूण करता येते. बाई आहे किंवा नाही. बाई आहे म्हटलं तर भावांचीही फी बुडते. नाही म्हटलं तर बहिणीकडून घेतली जाते. प्रोग्रॅम करणाऱ्यांना मी दुसरी चौकट मागितली आहे, ती येईल तेव्हा येईल. तोवर असा दावा आला की यंत्रणेने गप्प बसायचं आणि दाखल शाखेतल्या माणसाने आकडा काढायचा."

"म्हणजे मी."

"तुमच्या कोर्टात तुम्ही. दुसरीकडे दुसरं कोणी. तुमच्यासाठी नाही केलेलं ते. चुकीचा आकडा सांगण्यापेक्षा माहीत नाही म्हणणं बरं."

ती आत गेली. मी पायरीवर बसून एक चप्पल काढली आणि दुसरी काढायचं विसरलो. चूक सापडली नाही याचं दुःख होतंच. पण कुठे थांबायचं हे तिला सुचलं आणि मला सुचलं नसतं, हे जास्त लागलं. मी बसवला असता तर सगळ्या ओळींना उत्तर दिलं असतं. प्रत्येक प्रश्नाला उत्तर देणं हाच तर माझा अभिमान होता.

तक्ता लागू झाला. मग माणगावला सगळ्या कोर्टांतल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं, तिनेच. पुढे उभी राहून, गळ्यात दोरीला चष्मा. मी सगळ्यात मागच्या बाकावर बसलो आणि हायवेवरून जाणारे ट्रक पाहत राहिलो.

त्यानंतर पावसाळा संपता संपता बोर्ली पंचतनचे काझीवकील धापा टाकत माझ्या टेबलापाशी आले. सत्तरी उलटलेला माणूस, एरवी कधी आवाज न चढवणारा. बरोबर रोहिणी तोडणकर नावाची बाई आणि तिचे दोन भाऊ होते. त्यांच्या आजोबांची समुद्राकाठची वाडी, आत जुनं कौलारू घर. चुलतभावाने ती परस्पर एका रिसॉर्टवाल्याला विकायला काढली होती आणि दुसऱ्या दिवशी दस्त होणार होता. दस्त झाला, कंपाउंड उभं राहिलं, जेसीबी आत शिरला, की पुढे दावा जिंकूनही वाडी परत येत नाही. सुपारीचं झाड एकदा तोडलं की तोडलं.

"शिगवण, सकाळपासून दावा भरून ठेवलाय," काझीवकील म्हणाले. "मशीन म्हणतं, छाननीसाठी थांबवले. नंबर पडल्याशिवाय साहेब मनाईचा अर्ज ऐकणार नाहीत. खुदा के वास्ते, काय ते बघ."

दोन भाऊ, एक बहीण.

मी दावा उघडला. हिस्से पाहिले, घराची किंमत पाहिली, सातबाऱ्यावरचा सारा पाहिला. आकडा कागदावर मांडला, एकदा पडताळला. त्याला वेळ लागला नाही. पण तो यंत्रणेत कुठे घालायचा हे मला माहीत नव्हतं. ज्या दिवशी ते शिकवलं त्या दिवशी मी ट्रक पाहत होतो.

रोहिणीताई टेबलाच्या कडेला हात ठेवून उभ्या होत्या. "दादा, माझी अजून कुठे सही राहिलीय का?" त्यांनी विचारलं.

"तुमचं काही राहिलेलं नाही ताई," मी म्हटलं आणि फोन उचलला. आजूबाजूला वकील होते, काशिनाथ होता, दारात आणखी दोघे-तिघे होते.

"मॅडम, शिगवण बोलतोय. दाखल शाखेतून."

पलीकडे शुभदाच होती. "बोला साहेब," ती म्हणाली.

"थांबवलेला दावा आहे. वाटप. दोन भाऊ, एक बहीण. उद्या दस्त आहे."

"आकडा काढलात?"

"काढला. वाडी साऱ्याच्या पटीत, घर बाजारभावाने. बहिणीचा तिसरा हिस्सा वजा केलाय."

"बरोबर. आता वर उजव्या कोपऱ्यात बघा. 'हस्ते आकारणी' दिसतंय?"

दिसत होतं. इतके दिवस तिथेच होतं. मी आकडा घातला. "पुढे जात नाही."

"खाली कारण लिहायचं असतं. रिकामं ठेवलं तर सोडत नाही."

"काय लिहू?"

"वकिलांना इतकी वर्षं जे तोंडी सांगत आलात, ते."

एका बोटाने मी लिहिलं. सगळे माझ्या त्या बोटाकडे बघत होते. फी भरायला धाकट्या भावाच्या फोनला रेंज येईना, तो बाहेर सुरूच्या झाडांपर्यंत पळाला आणि तिथून हात हलवला. दाव्याला नंबर पडला. काझीवकील गाऊन सावरत आत गेले. संध्याकाळी ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात 'जैसे थे'चा हुकूम होता आणि रोहिणीताई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. दस्त झाला नाही. दावा अजून चालू आहे, पण वाडी उभी आहे.

पुढच्या रविवारी रोहिणीताई शहाळ्यांचा घड घेऊन आमच्या घरी आल्या. दार मी उघडलं. "मॅडम आहेत का?" त्यांनी विचारलं.

शुभदा बाहेर आली. रोहिणीताईंनी तिचे हात धरले, डोळ्यांत पाणी. "तुम्ही फोनवर होता म्हणून झालं हो."

"अहो ताई, आकडा यांनी काढला. मी फक्त कुठे लिहायचं ते सांगितलं," शुभदा म्हणाली.

"हो का?" रोहिणीताई माझ्याकडे बघून हसल्या आणि शहाळी तिच्या हातात दिली.

एक शहाळं मी फोडलं, चांगलं गोड होतं. तरी मला ते गेलं नाही.

मी निवृत्त झालो तेव्हा माझ्या निरोप समारंभाला तिलाही बोलावलं होतं. आमच्या न्यायाधीश साहेबांनी तिला दोन शब्द बोलायची विनंती केली. वर स्पष्ट म्हणाले, की बायको म्हणून नव्हे, तक्ता करणारी म्हणून बोला. ती उठली. मला वाटलं, स्वभावाबद्दल वगैरे काही बोलेल.

"माझ्या तक्त्यावर साऱ्या जिल्ह्यात सगळ्यात जास्त हरकती यांनी काढल्या," ती म्हणाली. "त्यातल्या निम्म्या चुकीच्या होत्या. उरलेल्या निम्म्यांमुळे तक्ता टिकला." आणि खाली बसली.

सगळे हसले, टाळ्या वाजल्या. माझ्या स्वतःच्या भाषणाला तेवढ्या वाजल्या नाहीत, हेही माझ्या लक्षात आलं.

परतताना गाडी ती चालवत होती. माझ्या मांडीवर शाल आणि नारळ. गाव मागे पडल्यावर मी विचारलं, "सगळ्यांसमोर निम्म्या चुकीच्या होत्या म्हणायची गरज होती का?"

"खोटं होतं का?"

"खोटं नव्हतं. पण तुला बरं वाटलं बोलताना."

"वाटलं," ती म्हणाली. तिने गिअर बदलला. मग म्हणाली, "तुम्ही परीक्षा पास झालात तेव्हा साऱ्या आळीत पेढे मी वाटले. माझ्या घशाखाली एक उतरला नाही."

मी तिच्याकडे वळून पाहिलं.

"मला दोन वेळा बढती आली होती. पनवेलच्या बाजूला जावं लागलं असतं. मुलं लहान होती, म्हणून नको असं लिहून दिलं. तुम्ही संध्याकाळी घरी येऊन सांगायचात, आज अमक्या वकिलाला फीवरून कसं गप्प बसवलं. मी भाकऱ्या थापत ऐकायचे. कधी कधी तुमचा आकडा चुकलाय हेही कळायचं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तुम्ही माझं काही चोरलं नव्हतंत." म्हसळ्याकडून येणारी एसटी समोर आली, तिने गाडी कडेला घेऊन तिला जाऊ दिलं. "मी इतकी वर्षं जळले, कोणाला पत्ता लागला नाही. तुमचं महिन्याभरात काशिनाथपर्यंत पोचलं."

मला हसू आलं आणि ते अर्ध्यात अडकलं. तिच्या बढतीचे ते कागद मी पाहिले होते. नको म्हणून लिहून देताना तिने मला विचारलंही होतं, आणि मी 'तुला योग्य वाटेल ते कर' असं म्हणालो होतो. त्या वेळी ते मला फार उदार उत्तर वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग नेहमीच्याच वेळी आली. आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट हातात घेतला आणि परत टांगला. तिचा डबा भरायचा होता, तो मी भरला. ती चष्म्याची दोरी गळ्यात घालत बाहेर आली, डबा पिशवीत टाकला आणि चपला पायात सरकवल्या. कोपऱ्यावर एसटीचा हॉर्न वाजला. तिची नोकरी अजून बाकी आहे. ती जाणार होती आणि मी जाणार नव्हतो, आणि आतापर्यंतचं सगळं जळणं या सकाळच्या मानाने लुटुपुटूचं होतं.

फाटकापाशी तिने मागे वळून पाहिलं. "काही हवंय का?"

"नाही," मी म्हटलं. "आज कोणाकोणाचे दावे आले, ते संध्याकाळी सांग."